नदी, मूस की पोथी? बडोद्यात पीएच.डी.चा विषय निवडताना

गेल्या महिन्यात माझी भाची रावपुऱ्यातल्या घरी आली ती तीन कागद घेऊनच. रसायनात एम.एस्सी. झाली आहे, पीएच.डी. करायची आहे, आणि दोन शास्त्रांच्या सीमेवरचंच काहीतरी करायचं असं तिने ठरवलं आहे. प्रत्येक कागदावर एकेक विषय: शहरातली नदी, जस्त काढायची जुनी मातीची मूस आणि हाताने लिहिलेली पोथी. "मावशी, यातला कुठला घेऊ ते तू सांग, नाहीतर आई म्हणते तसं मी सरळ पॉलिमर घेते." जेवणं आटोपल्यावर आम्ही बसलो, ते रात्री बारापर्यंत. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्याकडची बरीच मुलं आज याच वळणावर उभी आहेत.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विचार करायला जागा चांगली आहे. १९४९ साली विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच ललित कला, पुरातत्त्व, गृहविज्ञान, संग्रहालयशास्त्र असे विभाग उभे राहिले. संग्रहालयशास्त्राचा विभाग तर देशातला पहिला, १९५२ चा. शिवाय बरेचसे विभाग एकाच गावात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल, पण दोन गाईडमध्ये धावपळ करणाऱ्याला विचारा.

आंतरविद्याशाखीय हा शब्द हल्ली प्रत्येक अर्जात असतो. माझी कसोटी एकच आहे: दुसरं शास्त्र बाजूला काढलं तर तुमचा प्रश्न अडतो का? अडत असेल तर विषय खरा. त्याच्याशिवायही प्रबंध पुरा होत असेल, तर ते शास्त्र शोभेसाठी आणून बसवलेलं आहे, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो. या कसोटीवर तिघांना घासून बघू.

मूस आधी घेते, कारण त्या वाटेने मी स्वतः गेले आहे.

जुन्या काळी जस्त काढणं इतकं अवघड का होतं? खनिज कोळशाबरोबर तापवलं तर धातू मोकळा व्हायला साधारण १००० अंश सेल्सिअस लागतात, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे हा धातू जन्मतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की पुन्हा भस्म. तांबं भट्टीच्या तळाशी गोळा होतं, जस्त हातातून निसटतं. उदयपूरजवळच्या जावरमध्ये जुन्या कारागिरांनी यावर काय तोड काढली होती, ते १९८३ च्या उत्खननात दिसलं. आपल्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक अशा तिघांचं ते काम, बडोद्याकडून प्रा. के. टी. एम. हेगडे होते, जे मुळात रसायनाच्या अंगाने पुरातत्त्वाकडे आले. भट्टीत सहा-सहाच्या ओळींत छत्तीस मातीच्या मुशी उलट्या बसवलेल्या. वरच्या कप्प्यात आग, मुशींची तोंडं खालच्या थंड कप्प्यात. वाफ खाली उतरायची आणि तिथे निवून जस्ताचे थेंब व्हायचे. मुशीचा आकार लांबट वांग्यासारखा.

आता हे बघा. रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात रसकाचं, म्हणजे जस्ताच्या खनिजाचं, सत्त्व, म्हणजे त्यातला धातू, काढायला वृन्ताक मूषा सांगितली आहे. वृन्ताक म्हणजे वांगं. संस्कृत जाणणारे तो शब्द शतकानुशतकं वाचत आले. पण वांग्याच्या आकाराची मूस म्हणजे प्रत्यक्षात किती मोठी, कशी बसवायची, उलटी का, हे पोथी वाचून डोळ्यांपुढे येत नाही. नुसती खापरं मोजणाऱ्यालाही ती कशाची हे सांगता आलं नसतं. पोथी, फावडं आणि प्रयोगशाळा, तिन्ही एका टेबलावर आली तेव्हा अर्थ लागला. कुठलंही एक काढा, प्रश्न तिथेच अडतो. खरा विषय म्हणतात तो हा.

अशा मुशीचा तुकडा मी हातात घेतला आहे. बाहेरून आगीने वितळून काचेसारखी झिलई आलेली, आतून राखाडी, खरखरीत. जावर गावातल्या जुन्या भिंतीसुद्धा वापरून टाकलेल्या मुशी रचून उभ्या केलेल्या आहेत. इतक्या त्या होत्या.

मग भाचीने हाच विषय घ्यावा का? मला तसं वाटत नाही. या कामाचा जीव नमुन्यात असतो आणि नमुना तुमच्या मालकीचा नसतो. उत्खननाचा परवाना संस्थेला मिळतो, विद्यार्थ्याला नाही. तुमच्या हाती येतात ती दुसऱ्या कुणीतरी खणलेली खापरं, त्यांच्या सोयीने. माझ्या संशोधनात एका संस्थेने अकरा तुकडे द्यायला चौदा महिने लावले. त्यातले चार कापायचे नाहीत अशी अट शेवटच्या आठवड्यात कळवली. त्या चारांवरच माझं चौथं प्रकरण उभं होतं. मी ते प्रकरण काढून टाकलं, आजही त्याची हळहळ वाटते. ज्या विभागाकडे स्वतःचं चालू उत्खनन आहे आणि जिथले गाईड नमुने लेखी द्यायला तयार आहेत, तिथेच या वाटेने जावं. गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वरसारखी हडप्पाकालीन शंखकामाची ठिकाणं आहेत, त्यांतला साठा आधीच विभागात आलेला असतो. नव्या मुलांनी धातूपेक्षा तिकडे बघावं. शंख कापण्याच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला काही तोडावं लागत नाही.

पहिल्या कागदावर नदी होती. विश्वामित्री पावागडावरून निघते, आजवा तलावाचं पाणी घेत शहरात शिरते, कामाटी बागेला वळसा घालते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने धोक्याची पातळी ओलांडली आणि ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या ओळखीच्या एका घरात भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे. रंग दिला तरी ओल धरली की ती परत उमटते. २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. आणि याच नदीत, भर शहरात, मगरी राहतात.

इथे दोन शास्त्रं खरोखर एकमेकांशी भांडतात, म्हणून मला हा विषय फार मोलाचा वाटतो. पाणी लवकर वाहून जावं म्हणून इंजिनिअरला काठ गुळगुळीत आणि एकसारख्या उताराचे हवेत. मगर मातीच्या काठात बिळं खणते आणि उन्हाळ्यात काठावरच खड्डा करून अंडी घालते. पिलू नर होणार की मादी हे त्या खड्ड्याच्या तापमानावर ठरतं. म्हणजे काठावरची झाडं तोडून सावली गेली, तर पाण्याच्या हिशोबात काहीच बिघडत नाही, पण पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाण बदलू शकतं. हे इंजिनिअरच्या आकडेमोडीत कधीच दिसणार नाही. उलट नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, बुजवली तर पाणी किती चढतं, हे प्राणिशास्त्रवाल्याला सांगता येणार नाही. त्यात जुने गायकवाडी कागद घाला: तलाव, कांस (पावसाच्या पाण्याचे नाले), पूल, पूर यांच्या नोंदी, त्यातल्या कितीतरी मोडीत. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या नाल्याने पाणी जायचं, हे कळायला भूगर्भशास्त्राबरोबर मोडीही यावी लागते.

पण वेळेचं गणित कठीण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि साधारण जास्तीत जास्त सहा. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिण्यात, जातं. हातात उरतात तीन, फार तर चार पावसाळे. त्यातला एक कोरडा गेला की वर्ष गेलं. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येते, म्हणून तिच्या आसपासचं कुठलंही काम वनखात्याच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि ती परवानगी अंडी घालायच्या हंगामाआधी हातात हवी. घरच्यांचाही विचार करावा लागतो. सकाळी सहाला पाण्याचे नमुने घ्यायला काठावर जाणाऱ्या मुलीच्या आईला झोप लागत नाही, हे मी माझ्या बहिणीकडे बघून सांगते. सिव्हिल, भूगर्भशास्त्र किंवा प्राणिशास्त्राची पदवी असेल, दोन-तीन जणांचा गट असेल, तर नदीसारखा विषय नाही. एकट्या रसायनवालीला तिच्यात पाण्याची शुद्धता एवढाच तुकडा मिळेल, आणि तो तुकडा माझ्या कसोटीला उतरत नाही.

तिसरा कागद पोथीचा. प्राच्यविद्या मंदिर, विद्यापीठाची जुन्या पोथ्या जपणारी संस्था, बडोद्याचं वैभव आहे. तिथल्या गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक १९१६ चं. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाहून ठरवलेली, आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत इथूनच निघाली. ती भाषेच्या पंडितांची कमाई. पण पोथी ही वस्तूही आहे: कागद, शाई, खळ, रंग, कीड.

भाचीला मी एकच गोष्ट सांगितली आणि तिचे डोळे चमकले. जुना लेखकू चुकला तर खोडत नसे, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून वर नवं लिहीत असे. आपण कुणाच्या कष्टांवर हरताळ फासला म्हणतो, तो हाच. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, पिवळंधमक. पोथीचा कागदच हरताळाने रंगवला तर किडीपासूनही बचाव व्हायचा. दिव्याखाली पान धरलं की मधेच सोनेरी ठिपका दिसतो, त्यावर ताजी काळी अक्षरं, आणि खाली काय होतं ते डोळ्यांना कळत नाही. पण अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात हरताळ पारदर्शक होतो आणि काजळाची शाई काळीच राहते. म्हणजे झाकलेला पाठ पानाला हात न लावता वाचता येण्याची शक्यता आहे. लेखकूची चूक कुठली आणि मुद्दाम केलेला बदल कुठला, हे ठरवायला संस्कृत लागतं. खालचं अक्षर दिसायला रसायन लागतं. कसोटीला चोख उतरतं. (विषारी वस्तू आहे, हातमोजे विसरायचे नाहीत, हे तिला दोनदा सांगितलं.)

मोडीचं आकर्षण आपल्या घरांतल्या मुलांना वेगळंच. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या ट्रंकांत जुन्या मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, अजून बांधलेले आहेत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली, त्यामुळे संगणकशास्त्राची मुलं ती वाचणारं यंत्र करू बघतात. अडचण अशी की मोडी लेखणी न उचलता लिहिलेली, शब्दांमध्ये जागा नाही; अक्षर कुठे संपलं हे माणसालाच संदर्भाने कळतं. यात मोडी जाणणारा आजोबा संगणकवाल्याइतकाच संशोधक आहे. घरात असा कुणी असेल तर उशीर करू नका.

पोथीच्या कामातली उणीव नोकरीची. संग्रहालयं आणि संवर्धनशाळा मोजक्या, जागा त्याहून मोजक्या. त्या बाबतीत भाचीच्या यादीत नसलेला चौथा विषय, पोषण, सर्वांत भक्कम. २००० च्या सुमारास बडोदे जिल्ह्यात शाळकरी मुलींना आठवड्याला १०० मिलिग्रॅम लोह आणि ०.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी द्यायला सुरुवात झाली, आणि मूल्यमापनात रक्तक्षयाचं प्रमाण ७४.७ टक्क्यांवरून ५३.२ वर आलेलं दिसलं. आहारशास्त्र, वैद्यक, शाळा आणि आयांचं मन, सगळं त्यात आहे. ज्याला प्रबंधानंतर लगेच काम हवं आहे त्याने तिकडेच जावं.

पैशाचं थोडक्यात: जेआरएफ, म्हणजे केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. ती नसेल तर गुजरात सरकारच्या शोध योजनेत महिना १५,०००. नदीच्या विषयात यातला बराचसा प्रवासात आणि उपकरणांत जातो, पोथीच्या विषयात सर्वांत कमी. मुशीचं काम दुसऱ्यांच्या यंत्रांवर अवलंबून, तिथे तपासणीचे दर आधी विचारून घ्यावेत.

आणि को-गाईड, म्हणजे दुसरा मार्गदर्शक. नियम परवानगी देतात, दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही चालतो. पण कागदावरचा को-गाईड आणि तुमचं प्रकरण खरोखर वाचणारा को-गाईड यांत फार फरक असतो. प्रवेशाआधी दोघांना एका खोलीत बसवा आणि विचारा: तुमचं एकमेकांशी पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? दोघांनी एकमेकांकडे बघून उत्तर दिलं तर पुढे जा. दोघंही तुमच्याकडे बघायला लागले तर दुसरा विषय शोधा.

भाचीला मी पोथी सुचवली. रसायन तिचं पक्कं आहे, संस्कृत दहावीपर्यंतचं, तेवढ्याने सुरुवात होते. नोकरीची काळजी खरी आहे, पण हात लावायला नमुना पहिल्या दिवसापासून समोर असेल, आणि चौदा महिने कुणाच्या दारात बसावं लागणार नाही. तिने अजून होकार दिलेला नाही. येत्या मंगळवारी आम्ही दोघी हरताळ फासलेलं एक पान बघायला जाणार आहोत, तिथे संस्कृतचे एक प्राध्यापकही येणार आहेत. नदीचा कागद मात्र तिने परत नेला नाही. तो मी भूगर्भशास्त्रात शिकणाऱ्या शेजारच्या मुलाला दिला आहे. त्याचे आजोबा मोडी वाचतात.