क्यूमधली एफओ ७८ ची बाडं: जरूर बघा, पण नुसत्या तक्त्यावर जाऊ नका

लंडनमधल्या क्यूला नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये (ब्रिटनचं सरकारी अभिलेखागार) चार दिवस बसून एफओ ७८ वाचली, म्हणजे ऑटोमन साम्राज्यातल्या ब्रिटिश कॉन्सलांचा (बंदरांतले सरकारी प्रतिनिधी) फॉरेन ऑफिसशी, म्हणजे ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याशी (एफओ ते हेच), झालेला पत्रव्यवहार, आणि १९व्या शतकातली स्मिर्ना (आजचं इझमिर), बैरूत, अलेक्झांड्रिया ही बंदरं कुणाला समजून घ्यायची असतील तर सरळ सांगते, जाच. रीडर्स तिकीट फुकट, लिहायला फक्त पेन्सिल आत नेता येते, स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायचे पैसे नाहीत. साडेचार स्टार.

कॉन्सलांनी पाठवलेले जहाजांच्या ये-जाचे तक्ते बघून तर मी हरखूनच गेले. जहाजाचं नाव, कप्तान, टन, खलाशी किती, आलं कुठून, भरलं काय. स्मिर्नाहून अंजीर, मनुका, कातडी कमवायला लागणारं व्हॅलोनिया, उलट बाजूने मँचेस्टरचं कापड. ब्रिटिश जहाजाच्या कप्तानाला कागद कॉन्सलकडे जमा करायला लागायचे त्यामुळे त्या जहाजांची माहिती पक्की मिळते, बाकीच्या झेंड्यांची ऐकीव असू शकते आणि मालाच्या किमती तर अंदाजच समजा, कारण छोट्या बंदरातला व्हाइस कॉन्सल बऱ्याचदा स्वतःच व्यापारी असायचा.

पण खरी गोम 'ब्रिटिश' या शब्दातच आहे बरं का. १८१५ ते १८६४ ग्रीसच्या पश्चिमेची आयोनियन बेटं ब्रिटिश संरक्षणाखाली होती, म्हणजे त्यातल्या केफालोनियाचा ग्रीक बोलणारा कप्तान, त्याची गव्हाची खेप, आणि कॉन्सलच्या लेखी तो आपला माणूस! १८६४ ला बेटं ग्रीसला गेली, त्यामुळे त्यानंतर आकडा पडलेला दिसला तर ब्रिटिश व्यापार बुडाला असं लिहून मोकळं होऊ नका, आधी तो तक्ता आयोनियन वेगळे मोजतोय का ते बघा. तक्त्याच्या मागेपुढे जोडलेली पत्रं म्हणूनच वाचायची, भांडणं, क्वारंटाइन, फुटलेली जहाजं सगळं त्यात आहे.

तारखांचंही तसंच. ग्रीक कप्तानांचे कागद जुन्या (ज्युलियन) कॅलेंडरचे, १९व्या शतकात १२ दिवस मागे, तेव्हा एकच जहाज दोनदा आल्यासारखं वाटतं, मी एक अख्खी दुपार त्यात घालवली.

घरबसल्या काम होईल म्हणून आधी एका पेड डेटाबेसला पैसे भरले होते (नाव घेत नाही), कप्तानांची नावं चुकीची टाइप केलेली आणि मूळ पानाचा फोटोच नाही, मग चूक पकडणार कशी? त्यापेक्षा क्यू शंभर पटीने बरं.

१८२५ च्या आधीचं हवं असेल तर ऑटोमन मुलखाशी व्यापार करणाऱ्या, १८२५ ला बंद झालेल्या लेव्हंट या इंग्रज कंपनीचे कागद एसपी (स्टेट पेपर्स) १०५ मध्ये आहेत. इस्तंबूलच्या ब्रिटिश वकिलातीकडची बाजू एफओ १९५ मध्ये, तीही सोबत मागवा. आणि सायरा (सिरोस) बेट एफओ ७८ मध्ये शोधत बसू नका, ते ग्रीसमध्ये, त्याची सिरीज एफओ ३२.