१४ महिने, ११ बॅच, एक स्प्रेडशीट

आधी एक खुलासा. घरच्या बिअरच्या हिशोबाच्या ज्या शीटबद्दल लिहितोय ती विकत घेतलेली नाही, कुणाची उचललेलीही नाही. कोऱ्या पानावर मीच बांधली. त्यामुळे खाली जी रड आहे ती बहुतेक माझ्याच नावावर जमा करावी लागेल.

मी ओहायोत राहतो, कोलंबसला. तळघरात वॉशिंग मशीनच्या शेजारी माझी बिअर होते, एका वेळी २० लिटर. पद्धत पिशवीची. भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) जाळीदार पिशवीत घालून ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायचा आणि मग पिशवी उचलून चक्क्यासारखी टांगायची. खाली जे गोड पाणी उरतं त्याला वर्ट म्हणतात. ते तासभर उकळायचं, उकळताना ठरल्या वेळी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) टाकायचे, गार करायचं, यीस्ट घालायचं. कृती एवढीच. बाकी सगळे आकडे.

पुण्या-मुंबईहून वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे. इथे अमेरिकेत घरची बिअर १ फेब्रुवारी १९७९ पासून केंद्रीय कायद्याने मोकळी झाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. गंमत म्हणजे व्हिसिकॅल्क, घरच्या कॉम्प्युटरवरची पहिली स्प्रेडशीट, तीही १९७९ चीच. म्हणजे माझे दोन्ही नाद एका वयाचे निघाले.

तयार ॲप्स आहेत, आणि चांगली आहेत. त्यातलं एक मी तीन आठवडे वापरलंही. माल्ट निवडा, हॉप्स निवडा, की कडवटपणा ३८, रंग ८, अल्कोहोल ५ टक्के असं झटकन समोर येतं. पण शाळेत रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं की अर्धे गुण जायचे, तसं मला ॲपकडे बघून व्हायचं. ३८ आला कुठून? म्हणून शीट.

रीत अवघड नाहीच. साधा पेल माल्ट घ्या. एक किलोतली सगळी साखर एका लिटरात उतरली असं धरलं तर साधारण ३०० पॉइंट मिळतात (पाण्याची घनता १.०००, तिच्यावरचा दर हजारावा भाग म्हणजे एक पॉइंट; नुसत्या साखरेचे ३८४). ४.८ किलो गुणिले ३००, भागिले २० लिटर, म्हणजे ७२. पण सगळी साखर कधीच उतरत नाही. तीन चतुर्थांश उतरली तर ५४, म्हणजे सुरुवातीची घनता १.०५४. आंबून झाल्यावर पुन्हा घनता मोजायची, दोन्हींतल्या फरकाला १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी. हॉप्सचा हिशोब जरा तिखट आहे, त्यासाठी टिनसेथचं सूत्र वापरतात. किती वेळ उकळलं आणि वर्ट किती दाट आहे, या दोन गोष्टींवरून कडवटपणा किती विरघळणार ते त्यातून निघतं. एका सेलमध्ये मावतं. कंस मोजायला मात्र दोन चहा लागले.

आता पडझड.

दुसरी बॅच. बाटल्या भरताना थोडी साखर घालतात, तिच्यातून फेस येतो. किती घालायची ते बिअरच्या तापमानावर ठरतं, कारण गार बिअरमध्ये आधीच जास्त वायू विरघळलेला असतो. सूत्र मी एका अमेरिकन पानावरून घेतलं. ते फॅरेनहाइटचं होतं आणि मी तापमान टाकलं २०, म्हणजे सेल्सिअस. शीटला वाटलं बिअर बर्फाच्याही खाली आहे, वायू आधीच भरपूर आहे. तिने सांगितलं, १९ लिटरला २० ग्रॅम साखर घाला. हवी होती ११७ ग्रॅम. वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे! आमच्या घरी सकाळच्या चहालाच तेवढी लागते. समोर पातेलं, हातात चमचा, डोक्यात शंका, तरी मी शीटचं ऐकलं. सेल हिरवा रंगवला होता ना. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर झाकण निघाल्याचा आवाजसुद्धा आला नाही. चूक उलट्या बाजूची असती तर बाटल्या फुटल्या असत्या, हे नंतर कळलं आणि घाम फुटला.

चौथ्या बॅचची गोष्ट जास्त मानहानीची आहे, कारण मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. हॉप्सच्या पहिल्या ओळीत सूत्र बरोबर होतं. ते ओढून दुसऱ्या ओळीत उतरवलं. घनतेच्या सेलला डॉलरचं चिन्ह लावलं होतं (त्याने सूत्र ओढलं तरी सेलचा पत्ता हलत नाही), लिटरच्या सेलला विसरलो. झालं, लिटरचा पत्ता एक घर खाली सरकला आणि तिथे बसला होता उकळण्याचा वेळ, ६० मिनिटं. दुसऱ्या ओळीचा कडवटपणा २० ऐवजी ६० ने भागला गेला, म्हणजे एक तृतीयांश दिसला. मला एकूण ३७-३८ हवा होता. शीटवर तेवढा येईपर्यंत मी सेंटेनियल जातीचे हॉप्स वाढवत गेलो: एका औंसाची एक पुडी, मग दुसरी, ५६ ग्रॅम, शेवटची ३० मिनिटं उकळायला. शीट म्हणाली ३७. खरा होता ७०. पहिला घोट घेऊन शेजारचा मित्र बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "कारल्याचा रस आरोग्याला चांगलाच असतो."

तेव्हापासून नियम केलाय. नवं सूत्र आलं की एकदा कागदावर हाताने सोडवायचं, ताळा जुळला तरच त्या सेलला रंग द्यायचा. आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारच्या सेलमध्ये एकक लिहायचं. इथे कृती औंस-पौंड-गॅलनमध्ये असतात, माझं डोकं किलो-लिटरचं, आणि मधल्या फटीत काहीही पडू शकतं.

आता ज्यासाठी शीट सोडवत नाही ते सांगतो.

बार्शीला अण्णांचं आडतीचं दुकान होतं. दिवसभराचं कच्च्या वहीत, रात्री पक्क्या वहीत. मी तेच करतो. बॅचच्या दिवशी फोनला हात लावत नाही, कारण वर्ट बोटांना काकवीसारखं चिकटतं. ओट्यावर क्लिपबोर्ड आणि पेन्सिल. रात्री आकडे पक्क्या वहीत, म्हणजे शीटमध्ये. प्रत्येक गोष्टीला दोन रकाने: "धरलेलं" आणि "आलेलं". पाणी, तापमान, घनता, बाटल्या, सगळ्याला.

त्यातला एक रकाना "उतारा" नावाचा आहे. माल्टमधली साखर प्रत्यक्षात किती टक्के वर्टात आली, ते. इंग्रजीत एफिशियन्सी म्हणतात, पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला साखर कारखान्याचा उतारा ठाऊक असताना दुसरा शब्द कशाला? (बायकोने शीट उघडून बघितली आणि विचारलं, प्यायच्या आधीच उताऱ्याची सोय करून ठेवलीस का?)

जिकडेतिकडे ७५ टक्के धरतात म्हणून मीही धरला. पहिल्या बॅचला १.०५४ अपेक्षित होती, आली १.०४६. काढला तर उतारा ६४. थर्मामीटरवर संशय घेतला, नवा आणला. दुसरी बॅच ६३. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, २० अंशांना जुळवलेला असतो आणि गरम वर्टात घनता कमी दाखवतो, पस्तीस अंशांना जवळजवळ चार पॉइंट. म्हणून तीही दुरुस्ती शीटमध्ये घातली. तिसरी ६५. एखादा आकडा चुकला तर नशीब म्हणता येतं. तीन आकडे एकाच ठिकाणी येऊन बसले की तो स्वभाव असतो. चौथ्या बॅचला मी निमूटपणे ६४ धरला, माल्ट ५.२ किलो घेतला, आणि घनता आली बरोबर १.०५०. हॉप्सचा घोटाळा त्याच बॅचचा, पण घनतेच्या बाबतीत शीटने पहिल्यांदा खरं भविष्य सांगितलं ते तेव्हा.

मग प्रश्न उरला, ६४ च का? पाचव्या बॅचनंतर पिशवीतला चोथा परातीत पसरून बघितला. मूठभर घेतला तर त्यात सात-आठ दाणे अख्खे. दुकानात माल्ट भरडून मिळायचा, भरड जाडी होती. हाताने फिरवायची रोलरची गिरणी घेतली, फट ०.९ मिलिमीटर ठेवली. सहावी बॅच ७१, सातवी ७२, आठवी ७०. त्याच घनतेला आता ४.७ किलो पुरतो. अर्धा किलो वाचला म्हणून गिरणीचे पैसे कधी वसूल होतील हेही शीटने काढून दिलं. तो आकडा मी लपवलेला रकाना करून ठेवलाय.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर एकदा टांगलेली पिशवी दिसली. अण्णा माळकरी. सातू भिजवलाय म्हणालो. हे पिणार कोण ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "घट किती धरतोस?" मी सांगितलं, साडेतीन लिटर चोथा पितो, साडेतीन उकळून उडतं, दीड तळाशी गाळात राहतं, म्हणून विसाला साडेअठ्ठावीस भरतो. "हिवाळ्यात उकळून जास्त उडत असेल," म्हणाले. मी नाही म्हणालो. मग शीट चाळली. खरंच, जानेवारीच्या कोरड्या हवेतल्या दोन बॅचना साडेतीनऐवजी चार उडालं होतं. आकडे माझ्याचकडे होते आणि मी ओळी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. आता "घट" नावाचं वेगळं पान आहे.

बारीकसारीक त्रास आहेतच. १.०५० टाकलं की शीट ते १.०५ करते, शेवटचं शून्य खाऊन टाकते. तीन दशांशांचं फॉरमॅट लावलं की गप्प बसते. पण आपली सवय मिनिटं नुसती "५-१०" अशी लिहायची, आणि त्याची ती १० मे करून टाकते. एका मित्राला शीट वापरायला दिली, त्याने माल्टच्या नावांचा फक्त एक रकाना अकारविल्हे लावला. बाकीचे रकाने जागच्या जागी, त्यामुळे जळका काळा माल्ट गव्हाच्या ओळीत जाऊन बसला. जुनी आवृत्ती परत मिळते म्हणून वाचलो. आता सगळ्यांना फक्त बघायची परवानगी. पाण्यातल्या क्षारांचं पानही उघडलं होतं, दोन रविवार घातले, समजलं काही नाही, बंद केलं. आणि शीट आठवण करून देत नाही. ॲप फोनवर ओरडतं की आता हॉप्स टाका. शीट सगळं उकळून जाईपर्यंत शांत असते. मी ओट्यावरचा कुकरचा टायमर लावतो.

सहा महिन्यांतून एकदा बिअर करणार असाल तर या भानगडीत पडू नका, ॲप घ्या. महिन्याला एक बॅच होत असेल आणि तुमचं भांडं, तुमची गिरणी, तुमचं तळघर यांचा स्वभाव ओळखायचा असेल तर शीटला पर्याय मला अजून दिसलेला नाही.

एक रकाना मात्र बरेच महिने वाया गेला. "चव." पहिल्या पाच बॅचना मी तिथे लिहिलंय: छान, बरी, छान, कडू, छान. यातून काय शिकणार? मग त्याचे तीन केले. पिताना काय आठवलं, दुसरी बाटली उघडावीशी वाटली का, आणि तीन महिन्यांनी पुन्हा उघडली तेव्हा काय. तिसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक बॅचच्या चार बाटल्या जिन्याखाली लपवतो.

चौथ्या बॅचच्या अशाच चार राहिल्या होत्या. ओतून द्यायचीही लाज वाटली म्हणून तिथेच पडल्या. चार-पाच महिन्यांनी तो कारल्यावाला मित्र आला, गार दुसरं काही नव्हतं, म्हणून एक काढली. कडवटपणा काळाबरोबर ओसरतो हे वाचलं होतं. मित्राने ग्लास संपवला, दुसरी मागितली, आणि म्हणाला, ही परत कर.

आता चुकून झालेली गोष्ट परत कशी करायची? पण ओळ समोर होती. धरलेलं ३७, आलेलं ७०, सेंटेनियल ५६ ग्रॅम, सगळं नोंदलेलं. अमेरिकन आयपीएला (हॉप्स जास्त असलेल्या कडवट बिअरला) ७० चालतो, फक्त त्याला १.०५० चा वर्ट पातळ पडतो, मागे गोडीचा आधार हवा. माल्ट ५.८ किलो केला, उतारा ७१ धरला, घनता १.०६२ वर गेली. हॉप्स तेच ठेवले तरी कडवटपणा आपसूक ६३ वर उतरला, दाट वर्टात तो कमी विरघळतो. लिटरच्या सेलला डॉलर आहे ना ते दोनदा बघितलं. बारावी बॅच परवापासून तळघरात बुडबुडतेय, "आलेलं"चे निम्मे रकाने अजून रिकामे आहेत.