गरम पाण्याची बंद टाकी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः तिच्या नरसाळ्याविषयी

या टाकीचा अभिप्राय मी चौथ्याच महिन्यात लिहून ठेवला होता. भिंतीपलीकडून येणाऱ्या टपटपीने आठवडाभर पहाटे झोपमोड झालेला माणूस जे लिहील तेच त्यात होते. तो तेव्हा पाठवला नाही हे बरे झाले, कारण त्यातला अर्धा मजकूर चुकीचा होता आणि उरलेला अर्धा चुकीच्या वस्तूवर राग काढणारा होता.

दीडशे लिटरची, विजेवर तापणारी, छतावरच्या टाकीशी आणि हवेच्या उघड्या नळीशी संबंध नसलेली, थेट नळाच्या दाबावर चालणारी ही टाकी कशी असते हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणारच, म्हणून तपशिलांची यादी देत नाही. दोन न्हाणीघरांत एकाच वेळी पाणी सोडले तरी धार बारीक होत नाही, आणि रात्री तापवून ठेवलेले पाणी सकाळी उशिरापर्यंत कढत राहते. या दोन्ही बाबतींत माझी काहीही तक्रार नाही, त्यामुळे त्यांविषयी पुढे लिहिणार नाही.

लिहायचे आहे ते नरसाळ्याविषयी. टाकीच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून सुटणारे पाणी ज्या नळीने बाहेर जाते ती नळी मध्येच मुद्दाम तोडलेली असते. वरच्या तुकड्याचे तोंड हवेत संपते, त्याखाली नरसाळ्यासारखा छोटा पेला असतो, आणि मधल्या बोटभर फटीतून पडणारे पाणी डोळ्यांना दिसते. व्हॉल्व्ह गळू लागला तर घरातल्यांच्या लक्षात यावे, आणि सांडपाण्याच्या बाजूचे काही उलट ओढले जाऊन नळाच्या पाण्यात मिसळू नये, या दोन्हींची सोय त्या एका फटीने होते. साऱ्या यंत्रणेत माझ्या मते सर्वांत शहाणपणाची वस्तू हीच आहे. बसवणाऱ्यांनी मात्र ती टाकीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, बॅटरी घेऊन ओणवे झाल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी लावली. जी वस्तू केवळ दिसण्यासाठी असते ती लपवून बसवण्यामागचा विचार मला अकरा महिन्यांत कळलेला नाही.

चौथ्या महिन्यात टपटप सुरू झाली ती रोज ठराविक वेळी. टाकी पहाटे तापायला लागून सव्वादोन तास होईपर्यंत शांतता असे, शेवटचा अर्धा तास थेंब पडत, आणि थर्मोस्टॅटने वीज तोडली की काही मिनिटांत ते थांबत. ज्यांच्याकडून टाकी घेतली त्यांनी पाठवलेल्या पहिल्या कारागिराने पाच मिनिटे पाहून व्हॉल्व्ह खराब असल्याचे सांगितले, तो बदलला आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे नवा व्हॉल्व्ह जुन्याइतकाच इमानेइतबारे गळत होता. दुसरा कारागीर आला तो अधिक अनुभवी वाटणारा, आणि त्याने जाता जाता दिलेला सल्ला मी शब्दशः लिहून ठेवला आहे : “ताई, नळीला बूच मारून टाका, कटकटच मिटेल.”

त्या क्षणी थकव्यामुळे मला ते पटलेही होते, हे कबूल करायला हवे. बूच मारण्याआधी माहितीपत्रक वाचले म्हणून वाचले. उघड्या भांड्यातले पाणी 100 अंशांना उकळते आणि वाफ निघून जाते. पण 3 बार दाबाखालच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) बंद टाकीत ते साधारण 143 अंशांपर्यंत उकळतच नाही, नुसते तापत राहते. अशा पाण्यावरचा दाब टाकी फाटून एकाएकी नाहीसा झाला, तर त्यातल्या काही भागाची तत्क्षणी वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सोळाशेपट जागा मागते. भिंती पाडायला तेवढे पुरते. म्हणूनच अशा टाकीवर एकामागे एक पहारे असतात. माझ्या टाकीत पहिला थर्मोस्टॅट आहे, तो 60 अंशांना वीज तोडतो. तो बिघडला तर 85 अंशांना तोडणारा वेगळा कटआउट आहे, आणि एकदा तुटल्यावर तो हाताने दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. तोही चुकला तर टाकीच्या माथ्यावर तापमान आणि दाब दोन्ही ओळखणारा व्हॉल्व्ह आहे. पाणी 90 अंशांवर गेले किंवा दाब 7 बारवर गेला की तो उघडतो. थंड पाणी आत येते त्या बाजूला 6 बारचा आणखी एक व्हॉल्व्ह आहे, तो फक्त फुगलेल्या पाण्यासाठी. या दोन्ही व्हॉल्व्हच्या नळ्या माझ्याकडे एकत्र येऊन त्याच नरसाळ्यात सुटतात. तिथे बूच मारणे म्हणजे शेवटच्या दोन्ही पहारेकऱ्यांना कोंडून घालणे होते. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये किंवा व्हॉल्व्हच्या पुढे बंद करता येईल अशी कसलीही चावी, कॉक किंवा बूच कधीच असता कामा नये, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि दुसऱ्या कारागिराने ते उघडल्याचे मला दिसले नाही.

मग मी स्वतः पाहायला लागले. पहिली गोष्ट हाताला कळली : गळत असताना खालच्या व्हॉल्व्हची नळी थंडगार होती आणि वरच्या व्हॉल्व्हची कोरडी. म्हणजे पाणी तापमानामुळे सुटत नव्हते, फक्त फुगल्यामुळे सुटत होते. वरची नळी गरम लागली असती तर वीज तोडून लगेच जाणकाराला बोलावण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. दुसरी गोष्ट मापाने कळली. नरसाळ्याखालची नळी काही दिवसांसाठी बादलीत सोडली आणि रोजचे पाणी मापाच्या भांड्यात ओतून पाहिले. ते रोज अर्ध्या लिटरच्या आसपास भरे.

हा आकडा मला अडचणीचा वाटला. पाणी 15 अंशांवरून 60 अंशांवर नेले की ते सुमारे 1.6 टक्के फुगते, म्हणजे दीडशे लिटरला साधारण 2.4 लिटर. आत येणाऱ्या नळीवर एकदिशा व्हॉल्व्ह असल्याने हे वाढलेले पाणी रस्त्याच्या नळाकडे परत जाऊ शकत नाही. ते जाते शेजारी टांगलेल्या 18 लिटरच्या पांढऱ्या डब्यात, ज्याला एक्स्पान्शन टँक म्हणतात. त्याच्या आत रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला 3 बार दाबाने भरलेली हवा. डबा धडधाकट असेल तर एक थेंबही बाहेर पडायला नको, आणि डबा पूर्ण निकामी असेल तर जवळपास सगळे 2.4 लिटर बाहेर यायला हवेत. हे अर्धा लिटर कुठून आले?

उत्तर सुटले ते वहीच्या पाठकोऱ्या पानावर. डब्यातली भरलेली हवा निघून गेली आणि बाहेरच्या वातावरणाइतकाच दाब उरला असे धरले, तर नळाच्या 3 बारखाली (वातावरणाचा 1 बार धरून एकूण 4) ती 18 लिटर हवा दबून साडेचार लिटर होते, आणि 6 बारला (एकूण 7) व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आणखी दबून अडीच लिटरच्या थोडी वर उरते. मधला फरक जेमतेम दोन लिटर. तेवढे पाणी डबा अजूनही घेत होता, आणि उरलेले अर्धा लिटर शेवटच्या अर्ध्या तासात, पाणी सर्वांत जास्त फुगते तेव्हा, नरसाळ्यात पडत होते. पडदा शाबूत होता, हवा गेली होती. बदललेला व्हॉल्व्ह पूर्णपणे निर्दोष होता, आणि त्याचे पैसे परत मागायला मी लिहिलेल्या पत्राला आजपर्यंत उत्तर आलेले नाही.

तिसरा कारागीर मी स्वतः शोधला. त्याला हिशेब दाखवला तेव्हा तो हसला, पण पान्हा उचलण्याआधी त्याने जे करायला हवे तेच केले : आधी वीज तोडली, मग आत येणारे पाणी बंद केले, आणि गरम पाण्याचा नळ उघडून टाकीवरचा दाब पार उतरवला. या क्रमाविना डब्यातली हवा मोजण्यात अर्थ नाही, कारण पाण्याचा दाब पडद्यापलीकडून ढकलत असतो आणि गेज खोटा आकडा दाखवते. डब्याच्या तळाला टायरला असतो तसाच हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो. त्यावर गेज लावले तर काटा जागचा हलला नाही. साबणाचा फेस लावल्यावर पिनेच्या कडेने एक फुगा आला, मोहरीएवढा, फुटला, आणि थोड्या वेळाने तिथेच दुसरा आला. माझी सारी झोपमोड त्या फुग्यात होती. पिन बदलली, टायरला हवा भरायच्या पायपंपाने 3 बार भरले, पुन्हा फेस लावला, काही आले नाही. त्यानंतर टाकी पाण्याने पूर्ण भरून नळांतून हवा निघून गेल्याची खात्री केली आणि मगच वीज जोडली, कारण कोरड्यात सुरू केलेले हीटर एलिमेंट जळायला फार वेळ लागत नाही. त्या दिवसापासून टाकी तापताना गेजचा काटा 3 वरून 3.6 पर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. नरसाळे कोरडे आहे. पूर्ण नवा डबा बसवावा लागेल असे मला फोनवर सांगण्यात आले होते; लागली ती टायरची एक पिन.

इथे माझे मत बदलले. टाकीला मी चौथ्या महिन्यात दोन तारे दिले होते, ते चार केले. ती पिन गळकी होती हा दोष आहेच, पण डब्यातली हवा वर्षातून एकदा तपासावी लागते हे बसवताना कोणी तोंडाने सांगितले असते, तर मी थेंबांशी इतके वैर धरले नसते. बसवणाऱ्यांचे तारे मात्र मी वाढवलेले नाहीत.

नवव्या महिन्यात एक सकाळ थंड पाण्याची उजाडली. पाहते तो कटआउट तुटलेला. मी बटण दाबले, टाकी तापू लागली, आणि काही तासांनी तो पुन्हा तुटला. नळाला येणारे पाणी नेहमीपेक्षा कितीतरी कढत होते. तेव्हा दुसऱ्यांदा बटण दाबले नाही. थर्मोस्टॅटचे दोन संपर्कबिंदू चिकटून बसले होते, त्यामुळे तो वीज तोडतच नव्हता. नरसाळ्यात त्या दिवशीही थेंब नव्हता, म्हणजे काम दुसऱ्या पहाऱ्यावरच भागले. थर्मोस्टॅट बदलून मिळाला, हमीत, विनातक्रार. तुटलेल्या कटआउटला शिव्या देणाऱ्यांची पत्रे मी वाचली आहेत. मी मात्र त्याला मनातल्या मनात पाचवा तारा देऊन टाकला.

काटकसरीच्या नादात केलेली एक चूक लपवत नाही. विजेचे आकडे पाहून मधले सहा आठवडे मी थर्मोस्टॅट 45 अंशांवर आणून ठेवला होता. साठवलेले पाणी 20 ते 45 अंशांच्या दरम्यान राहिले तर त्यात लिजिओनेला जातीचे जीवाणू वाढतात, आणि असे पाणी फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टाकीतले पाणी 60 अंशांवरच ठेवायचे असते. उलट 60 अंशांचे पाणी अंगावर आले तर काही सेकंदांत भाजते. दोन्ही टाळायचे तर टाकी 60 वर ठेवून न्हाणीघराच्या अलीकडे तापमान बांधून देणारा मिश्रण व्हॉल्व्ह बसवावा लागतो. माझ्याकडे वडील थरथरत्या हातांनी नळ फिरवतात, आणि तरीही हा व्हॉल्व्ह “नंतर पाहू” म्हणून मी सात महिने लांबवला होता. टाकीत वाचवलेल्या विजेपेक्षा त्या लांबवण्याची मला अधिक लाज वाटते.

आता राहिलेल्या तक्रारी. टाकीच्या आत गंज स्वतःवर ओढून घेणारा मॅग्नेशियमचा दांडा असतो आणि तो झिजला की बदलावा लागतो. पण टाकी छताच्या इतकी जवळ बसवली आहे की दांडा वर ओढून काढायला जागाच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी सांध्यांत दुमडता येणारा तुकड्यांचा दांडा घ्यावा लागणार. व्हॉल्व्हची खुंटी काही महिन्यांनी उचलून पाणी मोकळे सुटते की नाही हे पाहायचे असते, कारण क्षाराने बसलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी उघडत नाही. गेल्या आठवड्यात मी ती उचलली, पाणी फसकन सुटले, आणि खुंटी सोडल्यावर बैठकीत कचरा अडकल्यासारखे थेंब पडत राहिले. आणखी दोनदा उचलून सोडल्यावर ते थांबले.

नरसाळे अजूनही टाकीच्या मागेच आहे. नळी फिरवून ते समोर घ्यायला कोणी तयार नाही, कारण व्हॉल्व्हपासूनचे अंतर आणि नळीचा उतार पुन्हा जुळवावा लागेल. म्हणून भिंतीवर दाढीचा जुना आरसा तिरका लावला आहे. सकाळी न्हाणीघरात जाताना त्यात एक नजर टाकते. पेला कोरडा असला की पुढे जाते.