भाड्याच्या घरासाठी एलएलसी: न्यू जर्सीतला आमचा अनुभव

एडिसनजवळचं आमचं टू-फॅमिली घर एलएलसीच्या नावावर करून आता बरेच महिने झाले. एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी: घरावरून दावा झाला तर तो सहसा कंपनीपुरता राहतो, आपल्या बाकीच्या मालमत्तेपर्यंत पोचत नाही. मंडळातली मंडळी सारखी विचारतात, म्हणून लिहिते.

कंपनी काढणं अगदी सोपं. राज्याच्या वेबसाइटवर १२५ डॉलर भरायचे, पुढे दरवर्षी ७५ डॉलर. जड काम आहे ते डीड, म्हणजे घराच्या मालकीचा दस्त, बदलण्याचं. कर्ज चालू असेल तर त्यातलं ‘ड्यू ऑन सेल’ कलम आधी वाचा. मालकी बदलली म्हणून बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने स्वतःच्या लिव्हिंग ट्रस्टला (हयातीतच आपली मालमत्ता ठेवायला केलेल्या ट्रस्टला) सूट आहे, एलएलसीला नाही. आम्ही बँकेची लेखी संमती आल्यावरच डीडला हात लावला. शिल्लक कर्ज किमतीत धरलं जातं, त्यामुळे रिअल्टी ट्रान्सफर फीही (मालकी बदलताना द्यावी लागणारी फी) लागू शकते.

हे सगळं आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं. काउंटी बार असोसिएशनच्या, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या, रेफरलमधून त्या मिळाल्या. नुसतं क्लोजिंग (घराच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं) करणारा वकील घेऊ नका, भाडेकरूंच्या कोर्टात नेहमी उभा राहणारा शोधा. घर स्वतःच्या नावावर असेल तर तिथे आपली बाजू आपण मांडू शकतो. मालक एलएलसी झाली की वकील लागतोच, आणि तो खर्च कुणी आधी सांगत नाही. फी ठरावीक की तासावर, हेही लिहून घ्या.

करांचं म्हणाल, तर कंपनीत एकच सदस्य असेल तर पूर्वीसारखं शेड्यूल ई, म्हणजे स्वतःच्या कर-विवरणातच भाड्याचा हिशोब. आम्ही नवरा-बायको दोघं सदस्य, म्हणून ती भागीदारी धरली जाते आणि १५ मार्चपर्यंत भागीदारीचं वेगळं विवरण, फॉर्म १०६५, भरावं लागतं. सीपीएचं, म्हणजे कर भरून देणाऱ्या अकाउंटंटचं, बिल वाढलं.

रोजची शिस्त मात्र फार महत्त्वाची. लीज कंपनीच्या नावाने, प्लंबरचे पैसे कंपनीच्याच खात्यातून, भाडेकरूंचं डिपॉझिट नव्या खात्यात हलवून त्यांना लेखी कळवलेलं. घरखर्च त्यात मिसळला तर कोर्ट कंपनीचं कवच बाजूला सारू शकतं. आणि जिन्याची तुटलेली पायरी मीच माहीत असून दुरुस्त केली नाही, तर जबाबदारी माझ्यावरही येऊ शकते.

म्हणून माझ्या मते विमा आधी, एलएलसी नंतर. मालक राहत नसलेल्या भाड्याच्या घराला इथे किमान ५ लाख डॉलरचा लायबिलिटी विमा (दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीची भरपाई देणारा) सक्तीचा आहे. आम्ही पॉलिसीवर कंपनीचं नाव घालून घेतलं आणि वर अम्ब्रेला, म्हणजे मूळ विम्याची मर्यादा संपली की पुढचं भरणारी जादा पॉलिसी, घेतली.

एलएलसी केल्याचं मला समाधान आहे. पुढचं घर सुरुवातीपासूनच वेगळ्या एलएलसीत घ्यायचा विचार आहे. तशा कर्जाला व्याज जास्त पडतं, त्याची चौकशी सध्या चालू आहे.