तंगुसाची दोरी: टोक कापायचं, उलटवायची की सगळीच बदलायची?

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमा होते आणि हौसेने गरवायला (गळाने मासे पकडायला) जाणाऱ्यांचे रॉड माळ्यावरून खाली येतात. मग दरवर्षीचा प्रश्न: रिळावरची गेल्या हंगामातली दोरी चालेल का? दुकानदार म्हणतो, नवी घ्या. बरोबरचा म्हणतो, अजून दणकट आहे की! दोरी कशाची आहे हे मात्र दोघांपैकी एकही विचारत नाही, आणि उत्तर तर त्यावरच ठरतं.

आधी नायलॉन, म्हणजे आपली नेहमीची तंगुसाची दोरी. ही वापराने झिजतेच, पण न वापरताही म्हातारी होते. उन्हाने नायलॉन आतून कडक होत जातं. शिवाय ते पाणी शोषतं, त्यामुळे ओली दोरी कोरडीपेक्षा थोडी कमीच ताकदीची असते. गाडीच्या मागच्या काचेखाली महिनोन् महिने पडलेलं रीळ दिसायला ठीक असेल, तरी माझा त्यावर विश्वास नाही.

नायलॉनची परीक्षा घरीच होते. टोकाकडचा हातभर तुकडा घ्या, मधे साधी गाठ मारा, दोन्ही टोकं फडक्यावर गुंडाळा (नाहीतर बोटं कापतील) आणि सावकाश ओढा. चांगली दोरी आधी ताणते, हाताला ते लांबणं कळतं, मग तुटते. खराब झालेली न ताणता टचकन जाते. आता बरीच दोरी उलगडून रिळाच्या पोटातला तेवढाच तुकडा घ्या आणि तसाच ओढा. दोन्ही तुकड्यांत फरक जाणवला तर झीज वरवरची आहे, टोकाकडची दहा-पंधरा मीटर कापली की काम झालं. पोटातलाही टचकन गेला तर सगळीच दोरी उतरवा. दोरी पांढरट, दुधाळ दिसत असेल किंवा पाण्यात पडूनही स्प्रिंगसारखी वेटोळी सोडत नसेल, तर परीक्षेचीही गरज नाही.

ब्रेडेड लाईनचं गणित उलटं आहे. ती पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची वीण असते. पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगते, जवळजवळ ताणत नाही आणि ऊन नायलॉनपेक्षा बरंच सोसते. हिरवी दोरी फिकी पडली म्हणून लोक ती फेकतात, ते पैसे पाण्यात. उडालेला रंग ही झीज नव्हे. पाहायची ती वीण: बोटांतून सरकवताना लव आल्यासारखी लागते का, कुठे चपटी झालीय का, एखादा धागा तुटून वर आलाय का. तिचा खरा शत्रू म्हणजे खडपावरची, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरची कालवं. ताणलेली ब्रेडेड दोरी कालवाच्या धारेला घासली की बघता बघता तुटते, आणि तांबोशी गळाला लागली की कपारीकडेच पळते. त्यामुळे झीज बहुतेक वेळा टोकाकडच्या भागातच असते.

म्हणूनच ब्रेडेडला तिसरा पर्याय आहे, उलटवण्याचा. रिळाच्या तळाची दोरी कधी पाण्यात गेलेलीच नसते, तिला वर आणायचं. इथे बरेच जण फसतात: एका रिकाम्या चकरीवर गुंडाळून तिच्यावरूनच पुन्हा रिळावर घेतली तर दोरी होती तशीच येते. मधे दोन चकऱ्या हव्यात. रिळावरून पहिलीवर, पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून रिळावर, म्हणजे झिजलेलं टोक तळाला जातं. तळाशी थोडी नायलॉनची दोरी ठेवा, नाहीतर ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर (रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावर) सगळीच्या सगळी घसरत फिरते. ब्रेडेड नायलॉनच्या कितीतरी पट महाग, तेव्हा ही तासाभराची खटपट परवडते. स्वस्त नायलॉनसाठी कोण करणार?

फ्लोरोकार्बन या तिसऱ्या प्रकारच्या दोरीचं थोडक्यात. आपल्याकडे बहुतेक जण त्याचा लीडरच (गळाजवळ जोडायचा आखूड तुकडा) लावतात, आणि लीडर बदलताना विचार करायचा नसतो. ते ऊन-पाण्याला दाद देत नाही, पण एक खाच पडली की भरवसा गेला. प्रत्येक माशानंतर नखावरून ओढून बघा, खरखर लागली की कापा.

तर माझा हिशेब असा. खाडीच्या चिखलात गरवत असाल आणि नायलॉन असेल तर टोकं कापत हंगाम काढा, पुढच्या हंगामाला नवी चढवा. खडपावर नायलॉन असेल तर हंगामाच्या मधेही बदलावी लागली तर कुरकुर करू नका. ब्रेडेड असेल तर आधी कापा, मग उलटवा आणि दोन्ही टोकांना लव आली तरच बदला.

कापत राहण्यालाही एक मर्यादा आहे. दोरी स्पूलच्या काठापासून तीन-चार मिलिमीटरच्या खाली गेली की फेक आखूड पडते. तेव्हा अख्खी नवी भरायची गरज नाही. तळाला जुनी चांगली दोरी राहू द्या आणि वर शंभर-दीडशे मीटर नवी जोडा. मात्र जोडाची गाठ तुमच्या सगळ्यात लांब फेकीतही बाहेर यायला नको.

कापलेले तुकडे खडपावर टाकू नका. नायलॉन कुजत नाही आणि बगळ्याच्या पायाला गुंतलं तर सुटत नाही. घरी आणून बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाका, जाळू तर मुळीच नका.