पाणी काढलं, पिशव्या आतच

‘इम्प्लांट काढून मिळतील, एका तासात, टाके नाहीत.’ ही जाहिरात वाचून मी त्या क्लिनिकची पायरी चढले. आत शिवून ठेवलेली वस्तू टाका न घालता बाहेर कशी येणार, हे आमच्या डिचोलीतल्या कुठल्याही शिंपिणीने विचारलं असतं. मी विचारलं नाही.

२००८ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत होतो, तेव्हा मी छातीत सलाईन इम्प्लांट बसवून घेतले होते. सिलिकॉनची पातळ पिशवी, आत निर्जंतुक मिठाचं पाणी, प्रत्येकी ३०० सीसी. का बसवले, ते सांगत बसत नाही. पन्नाशी जवळ आली, खांदे भरून यायला लागले आणि ते नकोसे झाले. एवढंच.

क्लिनिक किनारपट्टीकडचं, चकचकीत. पाटीवर ‘कॉस्मेटिक कन्सल्टंट’. फोनवर आणि काउंटरवर शब्द एकच: रिमूव्हल. ९० हजार, रोख दिले तर पाच हजार कमी. मी रोख दिले. इंग्रजी फॉर्मवर सही केली, त्यात ‘डिफ्लेशन’, म्हणजे नुसतं रिकामं करणं, लिहिलं होतं, हे घरी येऊन वाचलं.

काम खरंच तासाभरात झालं. बधिर करायचं इंजेक्शन, मग जाड सुई, मोठी सिरिंज. पाणी ओढायचं, ट्रेमध्ये सोडायचं, परत ओढायचं. एका बाजूला पाच वेळा मी मोजलं, पुढे मोजायचं सोडून दिलं. उठवताना कन्सल्टंट म्हणाले, ‘‘झालं मॅडम. राहिलेलं पाणी अंगात जिरतं, पिशवीही हळूहळू विरघळते.’’

यातलं पाण्याचं खरं आहे. आत उरलेलं मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं, त्याने काही बिघडत नाही. पिशवीचं धादांत खोटं. सिलिकॉनची पिशवी विरघळत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते.

दोन महिन्यांनी आंघोळ करताना काखेच्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. दुधाची रिकामी पिशवी दुमडल्यावर टोक येतं ना, अगदी तसं. रात्रभर मनात एकच शब्द, गाठ. सकाळी म्हापशाला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. ‘‘बाय, हे काढलेत कुठे? दोन्ही आत आहेत, चुरगळलेले.’’

क्लिनिकला फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘‘शेल रिमूव्हलचं पॅकेज वेगळं, मॅडम. एक लाख दहा.’’ शेल म्हणजे तीच पिशवी.

नंतर ज्या प्लास्टिक सर्जनकडे गेले, त्यांच्याकडून कळलं की सुईने आधी रिकामं करणं ही पद्धत खोटी नव्हे. काही आठवडे त्वचेला आकसू देतात, मग जुन्याच व्रणातून पिशवी काढतात, आणि स्तन उचलून घट्ट करायची गरज आहे का, हे तेव्हा ठरवतात. फसवणूक आहे ती अर्ध्या कामाला पूर्ण म्हणण्यात. आणि हे फक्त सलाईनचं. जेल असलेल्या इम्प्लांटमध्ये कुणी सुई घालतो म्हणाला तर चपला घाला आणि निघा. तुमचं कुठलं, ते बसवताना मिळालेल्या इम्प्लांट कार्डावर असतं. माझ्याकडे ते होतं, पण त्या क्लिनिकने मागितलंसुद्धा नाही, तेव्हाच मला उठायला हवं होतं. प्लास्टिक सर्जनच्या नावापुढे एम.सीएच. ही प्लास्टिक सर्जरीची पदवी किंवा त्याच विषयातलं डीएनबी असतं आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला तर खरा डॉक्टर रागावत नाही.

उपचाराचे कागद मात्र लेखी अर्ज देऊन मागा. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा नियम आहे. मला नवव्या दिवशी एक पान मिळालं, त्यावर उपचार ‘स्किन टायटनिंग’, म्हणजे त्वचा घट्ट करणं. ते पान, सहीचा फॉर्म आणि सोनोग्राफीचा अहवाल जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्याला दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही.

पिशव्या काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी मी सर्जनना एकच अट घातली होती: काढलेलं माझ्या हातात द्यायचं. सिस्टरने डबी दिली. आत दोन पिशव्या, कांद्याच्या पातीसारख्या लिबलिबीत, पाणी भरायची झडप तशीच. जाऊबाई म्हणतात, असलं घरात कशाला ठेवतेस? आयोगाच्या तारखेला न्यायची आहे.