बावीसशे डॉलरचं पत्र

अमेरिकन सैन्यातून बाहेर पडलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितोय: अपंगत्वभत्त्याच्या अर्जासाठी विकत घेतलेल्या एका डॉक्टरी पत्रात मी कसा फसलो ते. आपण संख्येने थोडे आहोत, पण आहोत. माझ्यासारखे काही जण ‘मावनी’ योजनेतून आले. २००९ मध्ये सुरू झालेली ही योजना २०१६ मध्ये बंद पडली. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला हिंदीसारखी भाषा येत असेल तर सैन्यात भरती होता यायचं, नागरिकत्वही लवकर मिळायचं. मी २०१२ मध्ये भरती झालो आणि २०१७ मध्ये बाहेर पडलो.

प्रशिक्षणात पाठीवर सामान घेऊन ट्रकवरून उतरताना डावा गुडघा गेला. त्याची नोंद युनिटच्या दवाखान्यात होती. पुढे लंगडत चालून चालून कंबर धरली. ऑगस्ट २०२१ मध्ये मी व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याकडे, दोन्हींसाठी अपंगत्वभत्त्याचा अर्ज केला. मार्च २०२२ मध्ये निकाल आला: गुडघ्याला १० टक्के अपंगत्व (यालाच रेटिंग म्हणतात, दरमहाचा भत्ता त्यावर ठरतो), कंबर नामंजूर. कंबर दुखते हे त्यांना मान्य होतं. ती गुडघ्यामुळे दुखते, असं कारणासकट सांगणारं डॉक्टरी मत फाइलमध्ये नव्हतं. या दुव्यालाच ‘नेक्सस’ म्हणतात आणि तो जोडणाऱ्या पत्राला नेक्सस लेटर.

निकाल वाचून त्याच रात्री मी शोधाशोध केली आणि एका कंपनीची जाहिरात समोर आली. फोनवरचा माणूस स्वतः माजी सैनिक असल्याचं सांगत होता, आपली सैन्यातलीच भाषा बोलत होता. बूट, बटालियन, सार्जंट, सगळं. ‘आमचे डॉक्टर लिहितात ती पत्रं व्हीए नाकारत नाही,’ म्हणाला. पत्राचे २२०० डॉलर आगाऊ. शिवाय वर्षभरात रेटिंग वाढलं तर दरमहा जितकी वाढ होईल त्याच्या पाचपट रक्कम. माझ्या व्हीए खात्याचा पासवर्डही मागितला, ‘प्रगती बघता यावी म्हणून’. मी दिला. एजंट धरल्याशिवाय सरकारी काम हलत नाही, हे लहानपणापासून इतकं पाहिलंय की त्यात वावगं काही वाटलंच नाही.

मग महिने जात राहिले. फोन केला की ‘डॉक्टर तपासताहेत’. डॉक्टरांशी माझं बोलणं एकदाच झालं, अकरा मिनिटं. गुडघा कधी दुखावला हे त्यांनी विचारलं, कसा ते विचारलं नाही. पत्र हातात पडलं ते निकालानंतर तेराव्या महिन्यात.

हा तेरावा महिना नीट समजून घ्या, कारण खरं नुकसान इथे झालं. निकालाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत नवा पुरावा जोडून पुरवणी अर्ज, म्हणजे सप्लिमेंटल क्लेम, केला तर मूळ अर्जाची तारीख शाबूत राहते आणि थकबाकी तिथपासून मिळते. वर्ष उलटलं की नव्या अर्जापासून मोजणी सुरू. मला हे कोणी सांगितलं नाही. कंपनीला माहीत नसणं शक्यच नव्हतं.

एप्रिल २०२३ मध्ये पत्र जोडून अर्ज केला. ऑगस्टमध्ये पुन्हा नामंजूर. निकालपत्रात लिहिलं होतं की या मताला कारणमीमांसा नाही, त्यामुळे त्याला फारसं वजन देता येत नाही. मी काऊंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, माजी सैनिक सेवा कार्यालयात गेलो. तिथे व्हिएतनाम युद्धात लढलेले एक गृहस्थ बसतात. त्यांनी चष्मा वर सरकवून पत्र वाचलं आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून कागद माझ्याकडे फिरवला. तिथे छापलं होतं, ‘तिच्या नौदलातील सेवेमुळे’. मी पुरुष आहे आणि मी आर्मीत होतो. दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रावर माझं नाव चढवून त्याचे २२०० डॉलर घेतले होते, आणि माझ्या नोंदींपैकी एकीचाही त्यात उल्लेख नव्हता.

त्या गृहस्थांनी एक पैसा घेतला नाही. घेतच नाहीत. काऊंटीची कार्यालयं आणि डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम विनामूल्य करतात. पहिल्या अर्जाच्या कामासाठी फी घेणं कायद्यात बसतच नाही. निकाल लागल्यावर व्हीएची मान्यता असलेला वकील किंवा एजंट फी घेऊ शकतो. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत ती वाजवी धरतात, एकतृतीयांशाच्या वर अवाजवी. मान्यता आहे की नाही हे व्हीएच्या संकेतस्थळावर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. माझ्या कंपनीचं नाव तिथे नव्हतं. अशी फी उकळणाऱ्यांना पूर्वी फौजदारी शिक्षा होती, ती २००६ मध्ये कायद्यातून गेली. म्हणून यांना भीती नाही.

बाहेरच्या डॉक्टरचं मत घेणं चूक नाही, त्यासाठी डॉक्टरने पैसे घेणंही गैर नाही. माझी केस शेवटी तशाच पत्रावर जिंकली. पण ते माझ्या गुडघ्यावर आधीपासून उपचार करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं. सेवाकाळातल्या नोंदी तारखेप्रमाणे लावून मी त्यांच्यापुढे ठेवल्या. कोणत्या नोंदी वाचल्या ते त्यांनी लिहिलं, डाव्या पायावरचा भार टाळून चालण्याने कमरेवर कसा ताण येतो ते समजावलं, आणि शेवटी ‘शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त’ हे व्हीएला लागणारं वाक्य लिहिलं. माजी सैनिकांच्या दाव्यांची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल कोर्टाने २००८ च्या निएव्हेस-रॉड्रिगेझ खटल्यात हेच म्हटलंय: मताचं वजन त्यामागच्या कारणांत असतं, डॉक्टरने फाइल पाहिली एवढ्याने ते येत नाही.

काही आजारांना तर पत्र लागतच नाही. माझ्या युनिटमधला एक मित्र इराकला होता. सैन्य सोडल्यावर त्याला दमा झाला. ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने अशांचा दमा सेवेमुळेच झाला असं धरलं जातं. तरीही त्याच कंपनीने त्यालाही पत्र विकलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मे २०२४ मध्ये कंबरेला २० टक्के मिळाले. गुडघ्याचे १० धरून व्हीएच्या पद्धतीने २८ होतात (सरळ बेरीज करत नाहीत), ते जवळच्या दहाला धरून ३० टक्के. थकबाकी मात्र एप्रिल २०२३ पासूनच. मधले वीस महिने, म्हणजे सहा हजारांहून जास्त डॉलर, बुडाले.

निकालानंतर पाच दिवसांत कंपनीचं बिल आलं: १७६५ डॉलर. माझ्या आधी त्यांनी माझ्या खात्यात निकाल वाचला होता. करार एका वर्षाचा होता, तो केव्हाच संपला होता, तरी बिल. मी पासवर्ड बदलला, बँकेला कळवलं, आणि व्हीएच्या जनरल कौन्सेलकडे, म्हणजे कायदा विभागाकडे, व राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे कराराच्या प्रतीसह तक्रार केली. बिल भरलेलं नाही. त्यांचे फोन अजून येतात, दर वेळी नव्या नंबरवरून. तुमच्याकडेही असा करार असेल तर पैसे भरण्याआधी तो घेऊन काऊंटीच्या कार्यालयात जा. जाताना निकालपत्र सोबत ठेवा आणि त्यावरची तारीख पहिल्यांदा दाखवा.